टसर उद्योग, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील

महाराष्ट्राच्या पूर्व भागातील वैनगंगा नदीच्या खोऱ्यात व लगतच्या वनप्रदेशात चालत आलेला एक जुना वनाश्रित उद्योग. ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसर जातीच्या रेशीम किड्यांचे पालन करणे, त्यांचे कोश उतरविणे, कोशांपासून सूत काढणे व त्या सुताचे कापड विणणे ही या उद्योगाची चार अंगे होत. टसराच्या कोशाला व त्याच्या रेशमाला या भागात ‘कोसा’ म्हणतात. टसर हा शब्द धोटा या अर्थाच्या ‘त्रसर’ या संस्कृत शब्दावरून आल्याचे मानतात. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा या उद्योगाचा इतिहास जुन्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याच्या इतिहासाचाच भाग आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, सिंदेवाही, सावली व मूल हे त्याचे परंपरागत परिसर होत. एके काळी पालक, सूतकताई करणारा व विणकर हे तिघेही एकाच जिल्ह्यात नांदत होते. गेल्या सु. दीडशे वर्षांत ही साखळी तुटत गेली आणि आज प्रामुख्याने कोशांचे उत्पादन तेवढे शिल्लक राहिले आहे.

कीटक व खाद्यवृक्ष : टसर किडा (अँथेरिया मायलिटा) हा सॅटर्निइडी कुलातील मोठा पतंग होय. तुतीच्या रेशीम किड्याप्रमाणे तो माणसाच्या घरात वाढणारा झालेला नाही. त्याची अळी उघड्यावर, जिवंत झाडावरच वाढते. झारखंड, छत्तीसगढ, ओडिशा, पश्चिम बंगाल, तेलंगण व पूर्व महाराष्ट्र या प्रदेशांतील पानझडी वने हे त्याचे मुख्य क्षेत्र आहे. पूर्वेकडे साल हा त्याचा एक प्रमुख खाद्यवृक्ष असला, तरी चंद्रपूर–गडचिरोली भागात सर्व भर ऐन व अर्जुन या एकाच प्रजातीतील दोन वृक्षांवर असतो. ऐन हा सागाच्या मिश्र वनांत विपुल वाढतो, तर अर्जुन नदीनाल्यांच्या काठी आढळतो. मादी सु. दीडशे ते अडीचशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांनी त्यांतून अळ्या बाहेर पडतात व चार वेळा कात टाकून पूर्ण वाढतात. पावसाळ्यातील पिकास सु. एक महिना लागतो. थंडीत हा काळ बराच लांबतो. पूर्ण वाढलेली हिरवी अळी फांदीला चिवट देठाचे कडे घालते व त्याला लोंबकळणारा कठीण, करड्या वा पिवळसर रंगाचा कोसा विणते. हिवाळी पिकाच्या कोशांतील जीव पुढील पावसाळ्यापर्यंत सुप्तावस्थेत राहतो. हेच कोसे पुढील वर्षाचे बीज होत.

पालनाची रीत : पहिल्या पावसाबरोबर बीजकोशांतून पतंग बाहेर पडतात. त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या निवडलेल्या झाडांवर चढविल्या जातात. पहिल्या पिकाचे कोसे बहुतांशी बीजासाठी राखतात. सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील पीक मुख्यत्वे विक्रीसाठी असते. पालनासाठी उंच वाढलेला वृक्ष सोयीचा नसतो. हाताच्या पोचेत पाला यावा म्हणून झाडे छाटून ठेंगणी ठेवावी लागतात व नव्या धुमाऱ्यांचा कोवळा पाला लहान अळ्यांना द्यावा लागतो. एका झाडाचा पाला संपला की अळ्या फांदीसह दुसऱ्या झाडावर नेतात. मुंग्या, गांधीलमाश्या, खंडोबाचे किडे, सरडे व पक्षी हे अळ्यांचे शत्रू असून उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालून तिचा नाश करते. त्यामुळे पालकास पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राखण करावी लागते व कित्येकदा वनातच झोपडी बांधून राहावे लागते. राखण, छाटणी व मुक्काम या तिन्ही गोष्टींशिवाय टसराचे पीक हाती येत नाही. पुढील काळात वनकायद्यांनी नेमका याच गोष्टींवर निर्बंध आणला, हे या उद्योगाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले.

पालक समाज : या भागात टसर पालन हा मुख्यतः ढिवर समाजाचा व्यवसाय होय. मासेमारी, नाव चालविणे व तलावांत शिंगाड्याचे पीक घेणे ही ढिवरांची इतर परंपरागत कामे आहेत. झाडीपट्टीतील गावोगावी असलेले मालगुजारी तलाव आणि गावाशेजारचे ऐनाचे वन या दोहोंवर त्यांचा वर्षाचा संसार चाले. स्वतःची शेतजमीन नसलेल्या कुटुंबास कोशांचे पीक हे रोख पैशाचे साधन होते. गोंड व इतर वनवासी समाजही वनातील रानकोसे गोळा करीत. मध्य भारतातील टसर पालक जमातींत पालनाच्या काळात कडक विधिनिषेध पाळण्याची प्रथा होती. ब्रह्मचर्य, क्षौर न करणे, मांसाहार वर्ज्य करणे, स्नान करूनच झाडाजवळ जाणे व परक्यास तेथे येऊ न देणे असे तिचे स्वरूप असे. संसर्गाने झपाट्याने पसरणाऱ्या रोगांपासून अळ्यांचे रक्षण करण्यास यांतील काही निर्बंधांचा उपयोग होत असावा.

सूत व विणकाम : कोशातील जीव बाहेर पडण्यापूर्वी तो ऊन वा वाफ देऊन मारतात, कोसे क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ करतात व चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून मांडीवर पीळ देतात. हे काम परंपरेने स्त्रिया करीत आल्या आहेत. एका कोशातील तंतूची लांबी सु. ६०० ते ९०० मी. असते; मात्र एक किग्रॅ. सुतासाठी हजाराहून अधिक कोसे लागतात. फुटक्या व निकृष्ट कोशांपासून घिचा व कटिया ही जाडी सुते काढतात. टसराचे सूत काढणाऱ्या व विणणाऱ्या कारागिरास कोसकाटी हे नाव होते. कोष्टी हे या भागातील मुख्य विणकर होत. टसराला स्वतःचा मधासारखा सोनेरी रंग असतो व ते सहसा न रंगविताच विणतात. उकळताना काही प्रमाणात जीवहत्या होत असली, तरी रेशमी वस्त्र विटाळत नाही या समजुतीमुळे सोवळ्यात नेसण्याच्या मुकट्यासाठी व स्त्रियांच्या लुगड्यांसाठी जाडसर टसरास सर्वत्र मागणी असे. प्राणहिता–गोदावरीच्या पलीकडे, सिरोंच्याच्या समोरील तेलंगणातील चेन्नूर व महादेवपूर येथेही हाच उद्योग चाले. नदीच्या दोन्ही तीरांवरील वने, कीटक व कारागीर यांत पुष्कळ साम्य होते.

युरोपीय मागणी : नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन चांदा जिल्हा ब्रिटिश अमलाखाली आला व १८६१ मध्ये मध्य प्रांताचा भाग झाला. याच सुमारास यूरोपात तुती रेशमाच्या किड्यांवर पेब्रीन रोगाची साथ पसरली होती. लुई पाश्चर यांनी १८६५ नंतर या रोगाचा अभ्यास करून मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याची पद्धत घालून दिली. या साथीमुळे रेशमाच्या पर्यायी प्रकारांचा शोध सुरू झाला. इंग्लंडमधील लीक येथील रंगारी व उद्योजक टॉमस वॉर्डल यांनी टसराच्या सुतास रंग धरविण्याच्या रीती शोधल्या, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात टसराच्या वस्तू मांडल्या व भारतातील रानरेशमांविषयी १८८१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सीलच्या कातडीसारखे दिसणारे केसाळ कापड टसरापासून होऊ लागले. मुंबई इलाख्यात मेजर कूसमेकर यांनी टसर किडा पाळीव करण्याचे प्रयोग केले. परंतु या किड्याला घरात कोंडून चालत नाही, हेच त्यांतून दिसून आले. यूरोपच्या मागणीचा मोठा लाभ अखेर चीनच्या ओक वृक्षावरील टसरास मिळाला. ते अधिक एकसारखे व स्वस्त होते. भारतीय टसराचा पुरवठा मात्र विखुरलेला, प्रत असमान व पालक कर्जबाजारी होता. व्यापारी पावसाळ्यापूर्वी उचल देत व कोसे ठरलेल्या कमी भावाने नेत. त्यामुळे भाव वाढला, तरी तो पालकापर्यंत क्वचितच पोचे.

वनकायदे : १८६५ च्या व त्याहून व्यापक अशा १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने वने राखीव करण्याचा अधिकार शासनास मिळाला. राखीव वनात शिरणे, झाड छाटणे, पाला ओरबाडणे ही कृत्ये परवानगीवाचून दंडनीय ठरली. १९२७ च्या अधिनियमानेही तीच चौकट कायम ठेवली. ऐन हा सागाखालोखाल उपयुक्त इमारती वृक्ष असल्याने तो सरळ व उंच वाढावा, अशी वनखात्याची दृष्टी होती. टसर पालकास तोच वृक्ष ठेंगणा व झुडपी हवा होता. एकाच झाडाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींत तडजोडीस फारसा वाव नव्हता. वनाचा जो भाग मालगुजार वा जमीनदार यांच्याकडे होता, तेथे निस्ताराचे हक्क व स्थानिक रिवाज काही प्रमाणात चालत. चांदा जिल्ह्यातील जमीनदाऱ्यांपैकी अहेरी ही सर्वांत मोठी होती. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशात मालगुजारी व जमीनदारी हक्क नष्ट झाले व ही वनेही शासनाकडे आली. कुळांना त्यामुळे जमिनीवरील हक्क मिळाले. परंतु ज्या ढिवराचे शेत म्हणजे ऐनाचे झाड होते, त्यास मात्र अशा हक्काची नोंद मिळाली नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा घटक झाला, तरी या स्थितीत मूलभूत फरक पडला नाही.

बाजारपेठेतील बदल : विणकरांवर आलेले संकट निराळ्या प्रकारचे होते. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू झाली व गिरणीच्या कापडाने हातमागाची स्थानिक बाजारपेठ व्यापली. कोष्टी समाजातील अनेक कुटुंबे पुढे नागपूरच्या गिरण्यांत मजूर म्हणून गेली. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ग्राहक व कारागीर या दोघांचेही कंबरडे मोडले. गोंदियाहून नागभीड व पुढे चांद्यापर्यंतचा अरुंदमापी लोहमार्ग १९०८ ते १९१३ या काळात तयार झाला. त्याने वनमाल बाहेर नेणे सोपे झाले. परंतु कोसाही कापड न होता कच्च्या मालाच्या रूपात बाहेर जाऊ लागला. १९२० नंतर आलेल्या कृत्रिम रेशमाने स्वस्त व झळाळीदार वस्त्र उपलब्ध करून दिले आणि टसराचा सामान्य ग्राहक दुरावला. खादी चळवळीने हातकताईस काही काळ आधार दिला. सावली हे तिचे या जिल्ह्यातील महत्त्वाचे केंद्र होते. १९३६ च्या प्रारंभी गांधी सेवा संघाचे संमेलन तेथे भरले व महात्मा गांधी त्यास उपस्थित होते. नागभीड येथे कोसा विणकामाची परंपरा पुढेही टिकली.

वनरचनेतील बदल व बीजाचा ऱ्हास : स्वातंत्र्योत्तर काळात वनांचा वापर अधिक व्यापारी झाला. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले व मिश्र वने तोडून त्या जागी सागाची लागवड करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. सागाच्या पाल्यावर टसर किडा वाढत नाही. ज्या तुकड्यांत ऐन होता, तेथे साग आला आणि त्याबरोबर रानकोसेही नाहीसे झाले. याचा परिणाम बीजावर झाला. पूर्वी पालक दरवर्षी वनातून रानकोसे आणून आपल्या बीजात मिसळीत. कित्येक ठिकाणी मादी पतंग रात्री उघड्यावर ठेवीत व वनातील नर तिच्याकडे येत. या रीतीने पाळीव बीजास वन्य रक्ताचा पुरवठा होत राही. वन मागे हटल्यावर तेच ते बीज वर्षानुवर्षे वापरावे लागले व रोगांचे प्रमाण वाढले. या प्रदेशाच्या नावाने ओळखला जाणारा टसराचा ‘भंडारा’ हा स्थानिक वाण दुर्मिळ झाला व पालनासाठी मुख्यत्वे पूर्व भारतातील डाबा वाणाचे बीज वापरले जाऊ लागले. बीज बाहेरून येऊ लागल्याने ते वेळेवर न मिळणे ही पालकांपुढील नवी अडचण ठरली. पाऊस सुरू झाल्यानंतर आठ-पंधरा दिवसांचा उशीर झाला, तरी पाला जून होतो व पुढील पिकाचा हंगाम चुकतो.

शासकीय प्रयत्न : केंद्रीय रेशीम मंडळाची स्थापना १९४९ मध्ये झाली व १९६४ मध्ये रांची येथे टसरासाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. पाश्चर यांच्या पद्धतीने तपासलेल्या रोगमुक्त अंडीपुंजांचा पुरवठा, अर्जुनाची व ऐनाची जवळजवळ लागवड करून केलेली टसर क्षेत्रे, लहान अळ्यांचे जाळीखाली संगोपन आणि मांडीवर सूत काढण्याऐवजी यंत्राचा वापर या सुधारणा या संशोधनातून पुढे आल्या. महाराष्ट्रात १ सप्टेंबर १९९७ रोजी स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन होऊन त्याचे मुख्यालय नागपूर येथे ठेवण्यात आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे राज्यातील टसर जिल्हे होत. या योजनांमुळे पीक अधिक खात्रीचे झाले. परंतु लावलेल्या अर्जुनाचे क्षेत्रही पुष्कळदा वनजमिनीवरच असल्याने पालकाचा झाडावरील हक्क हा जुना प्रश्न सुटला नाही. योजना चालू असेपर्यंत वापर व ती संपली की अनिश्चितता, अशी स्थिती राहिली. सुताच्या बाजारातही चिनी टसराने पुन्हा स्पर्धा निर्माण केली. आयात केलेले हे एकसारखे सूत ताण्यासाठी सोयीचे असल्याने मध्य भारतातील विणकर ते वापरू लागले व स्थानिक सुताचा वापर बव्हंशी बाण्यापुरता उरला.

वनहक्क अधिनियम : संसदेने डिसेंबर २००६ मध्ये अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम संमत केला. त्यात गौण वनोपजाची जी व्याख्या दिली आहे, तीत बांबू, मध, लाख व तेंदूपाने यांच्या जोडीने टसर व कोसे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. १८७८ नंतर प्रथमच कोशावरील पालकाच्या हक्कास कायद्याने मान्यता दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर या जिल्ह्यात असे हक्क मिळविणाऱ्या गावांची संख्या देशात लक्षणीय ठरली व बांबू आणि तेंदूपाने यांच्या विक्रीतून ग्रामसभांना उत्पन्न मिळू लागले. टसर पालकांच्या बाबतीत मात्र एक विशेष अडचण आहे. ढिवर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत नसून भटक्या जमातींत गणला जातो. त्यामुळे त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास व वनावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. ज्यांची वहिवाट परवान्यापुरती किंवा केवळ तोंडी संमतीने चालली, त्यांच्याकडे कागदोपत्री पुरावा सहसा नसतो. अशा ठिकाणी वयोवृद्धांची साक्ष व ग्रामसभेचा ठराव यांस महत्त्व येते.

सद्यःस्थिती : देशातील टसराचे उत्पादन २०१९-२० मध्ये सु. ३,१०० टन होते. ते २०२२-२३ पर्यंत सु. १,३०० टनांवर आले. त्यात झारखंडचा वाटा सर्वाधिक असून महाराष्ट्राचा वाटा अल्प आहे. चंद्रपूर–गडचिरोली भागात आरमोरी परिसरातील ढिवर कुटुंबे आजही पालन करतात. नागभीडसारख्या ठिकाणी थोडे विणकाम होते. परंतु बहुतेक कोसे सुताचे मूल्य पदरात न पडता बाहेर जातात. ब्रह्मपुरी व वडसा वनविभागांत अलीकडे वाघांची संख्या व माणसांवरील हल्ले वाढल्यामुळे वनात मुक्काम करून राखण करणे धोक्याचे झाले आहे. शिक्षण व नोकरी यांमुळे तरुण पिढी या कष्टाच्या व्यवसायाकडे वळण्यास फारशी उत्सुक नाही.

या उद्योगाच्या ऱ्हासाचे खापर बहुधा कृत्रिम रेशमावर व रोगांवर फोडले जाते. ती कारणे खरी असली, तरी पुरेशी नाहीत. रोगांवर उपाय सापडले आहेत व अस्सल टसराची मागणीही नाहीशी झालेली नाही. चंद्रपूर–गडचिरोलीतील अनुभव असा, की पीक पालकाचे व झाड दुसऱ्याचे अशी विभागणी झाल्यावर झाडाची निगा राखण्यात पालकाचे हित उरले नाही आणि पालकास जपण्यात वनव्यवस्थेचे हित उरले नाही. ज्या गावांनी ऐनाची झाडे राखून ती कोशासाठी छाटण्याचा निर्णय स्वतःच्या हाती घेतला, तेथे पालन टिकण्याची शक्यता अधिक आहे. बीजाचा वेळेवर पुरवठा, सूतकताईची स्थानिक सोय आणि झाडावरील निश्चित हक्क या तीन गोष्टी एकत्र आल्यासच कोसा पुन्हा या जिल्ह्यातच सूत व कापड होऊ शकेल.